निळा डबा

बसस्थानकातल्या तीन नंबरच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईला सगळे 'घड्याळ' म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि राग येण्याऐवजी तिला मनातून बरंच वाटलं होतं. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार. रांग दारापर्यंत गेलेली असो, कुणाची गाडी सुटायला दोनच मिनिटं उरलेली असोत, काचेवर 'खिडकी बंद आहे' ही पाटी लागायची म्हणजे लागायची. दहा-बारा मिनिटांनी निघायची. "झाला वाटतं बाईंचा चहा," असा टोमणा रांगेतून हमखास यायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि विचारायची, "कुठलं देऊ?"

चहा कसला डोंबलाचा! लहानपणच्या एका लांबलेल्या दुखण्यात तिचं मूत्राशय आकसून लिंबाएवढं झालं होतं. बाराव्या वर्षी डॉक्टरांनी तिच्याच आतड्याचा तुकडा घेऊन त्याला ठिगळ लावलं आणि ते मोठं केलं. ठिगळ टिकलं, पण मूत्राशय आपणहून रिकामं काही होईना. तेव्हापासून दर चार तासांनी बारीक नळी घालून ते रिकामं करायचं, हा तिचा नेम. शिवाय आतडं ते आतडंच. आपला चिकट स्राव सोडायचं ते काही थांबलं नाही. त्याने नळीचं तोंड बुजू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ मोठ्या सिरिंजने सलाइनचं पाणी आत सोडायचं आणि ओढून बाहेर काढायचं. हे चुकलं आणि आत पाणी साचतच राहिलं, तर मूत्राशय ठिगळाच्या शिवणीवर फाटू शकतं, आणि फाटलं तर जिवावर बेततं. हे बारा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. तिने ते कायमचं ऐकलं.

बाकीचं आईने शिकवलं. लग्न होईपर्यंत धुवायचं काम आईच करायची, मोठ्याने आकडे मोजत, म्हणजे पोरीचं लक्ष आकड्यांत राहावं. आणि एक गोष्ट आईने तिला पुन्हा पुन्हा बजावली होती. "हे कुणाला दाखवायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. बघितलं की माणसाला मग तेच दिसत राहतं." आई दोन वर्षांपूर्वी गेली, पण बाथरूमची कडी ती अजून लावत होती.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. स्वभावाने गरीब आणि इतका संथ, की त्याच्याबरोबर कुठे जायचं तर ही तयार व्हायची, दारात उभी राहायची, कंटाळायची आणि परत येऊन खुर्चीत बसायची, तेव्हा कुठे त्याचा दुसरा पाय चपलेत जायचा. नळीचं तिने लग्नाआधीच सांगितलं होतं. तो जरा वेळाने "बरं" म्हणाला होता. सहा वर्षांत त्याने दोनदा विचारलं, "मी काही मदत करू का?" दोन्ही वेळा तिने एकच उत्तर दिलं, "तुम्हाला काय करायचंय?" मग त्याच्याकडे एवढंच काम उरलं, की प्रवासात तिचा निळा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसायचं. त्यात नळ्या होत्या, सिरिंज होती, सलाइनची बाटली होती. सहा वर्षं तो त्या डब्याचा हमाल होता, आणि झाकण त्याने एकदाही उघडलं नव्हतं.

दिवस गेले तेव्हाच मूत्रविकारांच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की बाळंतपण सिझेरियननेच होईल. ते ठिगळाचं मूत्राशय नेमकं कापायच्या जागेवर पसरलं होतं, तेव्हा त्या वेळी ते स्वतः हजर राहणार होते. तारीख ठरली. एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता : 'रुग्ण स्वतः काळजी घेऊ शकत नसल्यास त्याची माहिती कोणाला आहे?' तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मला.'

डॉक्टर हसले. "अहो बाई, तुम्हाला जमणार नाही तेव्हाची गोष्ट चाललीय."

"तोंड तर चालू असेल ना माझं? मी सांगेन की."

"एकाला तरी शिकवून ठेवा. नवऱ्याला शिकवा. शिकवायला तास-दोन तास पुरतील."

"हो," ती म्हणाली. खिडकीजवळची जागा मागणाऱ्या प्रवाशाला ती तोंडदेखलं म्हणायची, तसं हे 'हो' होतं.

ठरलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी, सकाळी केस विंचरताना तिची पाणमोट फुटली. मोठे डॉक्टर परगावी होते. ऑपरेशन कसं करायचं ते लिहिलेला त्यांचा कागद त्यांच्या कुलूपबंद खोलीत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोन लावला, कुठे कापायचं ते समजून घेतलं आणि घाईघाईने सगळी तयारी केली. स्ट्रेचरवर घेताना कुणीतरी तिच्या नाकावरचा चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला. तिचा नंबर एवढा जाड होता, की चष्मा गेल्याबरोबर नवऱ्याचं तोंड विरघळून गेलं. फक्त त्याच्या काखेतला निळा ठिपका तेवढा तिला ओळखता आला.

पाठीत सुई गेली आणि छातीखालचं अंग दुसऱ्या कुणाचंतरी झालं. पडद्यापलीकडे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, कळत नव्हतं. एकदा कुणीतरी म्हणालं, "मुलगी आहे हं," आणि एक लालसर धूसर गोळा तिच्या डोळ्यांसमोरून गेला. नाक, डोळे काही समजलं नाही. गोळा रडला, एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"मूत्राशयाला धक्का लावलेला नाही," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "नळी घातलीय, बॅग लावलीय. आता काळजी करू नका."

"डॉक्टर, ते धुवावं लागतं. नळी बुजते."

"हो, सांगते मी सिस्टरना."

त्या बोलल्या ते मनापासून बोलल्या. पण पुढची बाई आधीच टेबलाशी आणली होती, आणि डॉक्टरीणबाई हातमोजे बदलून तिच्याकडे वळल्या. सिस्टरना सांगायचं राहून गेलं.

शुद्धीवर येणाऱ्या बायकांना ठेवायची एक लांबट खोली होती. चार खाटा, तीन बाया, एक सिस्टर. समोरच्या भिंतीवर पांढरं गोल काहीतरी होतं. ते घड्याळ असणार हे तिला कळत होतं, पण काटे दिसत नव्हते. जिचं नाव लोकांनी घड्याळ ठेवलं, तिला किती वाजले ते दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

"सिस्टर, किती वाजले?"

"पावणेबारा."

"बॅगेत किती आलंय?"

सिस्टर वाकल्या. "थोडं आहे, ताई. होईल हळूहळू."

एरवी मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात जड वाटायचं, एवढीच तिची खूण होती. आज ओटीपोटच हरवलं होतं. उजव्या हाताला सलाइन, डाव्या हाताला रक्तदाबाचा पट्टा. तो आपला आपण फुगायचा, दंड आवळायचा आणि सोडून द्यायचा. ती मनात हिशेब करू लागली. सलाइनची एक बाटली संपली, दुसरी लागली. एवढं पाणी अंगात जातंय, तर ते कुठेतरी यायला नको?

"सिस्टर, आता किती आहे हो बॅगेत?"

"तेवढंच आहे." सिस्टरनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. "अंगात पाणी कमी पडलंय तुमच्या. सलाइन वाढवते जरा."

"नका हो वाढवू! पाणी कमी नाही. नळी बुजलीय. माझं मूत्राशय आतड्याचं आहे, ते धुवावं लागतं. सिरिंज आहे माझ्याकडे, बाहेर नवऱ्याजवळ डबा आहे..."

"ताई, डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय मी त्या नळीला हात लावणार नाही. ताजं ऑपरेशन आहे. उद्या काही झालं तर मला विचारतील."

"मग डॉक्टरांना बोलवा."

"त्या ऑपरेशनमध्ये आहेत. बाहेर आल्या की सांगते."

यात सिस्टरची चूक म्हणावी, तर त्या बिचाऱ्या तीन बायांत एकट्या धावत होत्या. पलीकडची एक बाई सारखी ओकत होती. त्या तिच्याकडे गेल्या. जाताना त्यांनी सलाइनचं चाक फिरवलंच. थेंब भराभर पडू लागले. दिसत नव्हते, पण वर टांगलेल्या बाटलीत उजेड थरथरत होता.

तिने उजव्या हाताच्या बोटांनी नळीवरचं ते चाक शोधायचा प्रयत्न केला. ते वीतभर लांब होतं. वीतभर म्हणजे किती, हे तिला त्या दिवशी समजलं. तिने खांदा उचलला, तर सिस्टर खोलीच्या त्या टोकाहून ओरडल्या, "अहो, हलू नका! टाके आहेत!"

"फुटेल हो ते..."

"काही फुटत नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांनाच असं वाटतं. फार बोलताय तुम्ही, ताई. आता नाही थांबलात तर झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगेन."

ती गप्प झाली. झोप लागली तर इथे ओरडणारंही कुणी उरणार नाही, हे तिला लख्ख कळलं. 'तोंड तर चालू असेल ना माझं?' असं ती मोठ्या ऐटीत म्हणाली होती. तोंड चालू होतं. पण त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, आणि आता तेही बंद ठेवायचं होतं. तिला आईची आठवण आली आणि मग आईचाच राग आला. "कुणाला दाखवायचं नाही." आई, तू गेलीस, आता कोण आहे गं ठाऊक असलेलं? एक मी, आणि मी ही अशी फळीसारखी पडलेली. पट्टा फुगला, दंड आवळला, सुटला. पट्टा कितीदा आवळतो ते ती मोजू लागली. दर खेपेला आत आणखी थोडं भरत असेल. नऊ वेळा झालं. दहा वेळा झालं. छताकडे बघत ती वाट पाहत राहिली, कधी काहीतरी फाटेल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

पट्टा सतराव्यांदा आवळून सुटला, तेव्हा दार वाजलं आणि आयामावशींचा आवाज आला. "बाळाचे बाबा आलेत हो. पाचच मिनिटं हं. बाळ आईला दाखवायचं आणि लगेच परत द्यायचं."

दारातून एक उंच धूसर आकृती आली. छातीशी पांढरं गाठोडं, काखेत निळा ठिपका. आपल्या सवयीप्रमाणे हळूहळू, पाऊल मोजत. तेवढ्यात ओकणाऱ्या बाईने पुन्हा हाक मारली आणि सिस्टर तिच्या पडद्याआड गेल्या.

"अगं," नवरा म्हणाला. "बघ, कोण आलंय."

"बाळ खाटेशेजारच्या त्या पाळण्यात ठेवा."

"अं?"

"खाली ठेवा तिला. आणि पडदा ओढा. डबा उघडा."

"अगं, तिला बघ तरी. थांब, तुझा चष्मा..." त्याने खिशातून चष्मा काढला आणि सवयीने सदऱ्याच्या टोकाने काच पुसायला घेतली.

"चष्मा राहू द्या हो!" ती दबक्या आवाजात किंचाळली. "माझी नळी बुजलीय. दोन तास झाले, बॅगेत नवा थेंब नाही. कुणी ऐकत नाहीये. तुम्हीच करायचंय. डबा उघडा."

मग त्याने बाळ पाळण्यात ठेवलं, चष्मा खिशात टाकला, पडदा ओढला. डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज तिने ऐकला. वीस वर्षं तो आवाज फक्त तिने आणि आईने ऐकला होता.

"हात धुवा आधी."

कोपऱ्यातल्या नळाखाली तो हात धुऊ लागला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. काच हाताळायच्या आधी दुकानात धुवायचा तसे, एकेक बोट. तिने दात आवळून धरले. पाळण्यात बाळ कुरकुरायला लागलं.

"चादर वर करा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. सहा वर्षं जी कडी तिने एकदाही चुकू दिली नव्हती, ती अशी निघाली. "नळी दिसली? ती बॅगेच्या नळीपासून सोडवा. आता सिरिंज सलाइनने भरा. हवा काढून टाका. टोक नळीत बसवा. हळू. आता आत सोडा."

"जात नाहीये."

"जोर लावू नका!"

"नाही लावत."

"थोडं मागे ओढून बघा. आलं काही?"

"नाही."

"नळी जरा बोटांत फिरवा. थोडीशी. परत सोडा, अगदी थोडं. थांबा. परत ओढा." ती आंधळ्यासारखी सांगत होती आणि तो आंधळ्यासारखा करत होता. पाळण्यातल्या बाळाने आता टाहो फोडला होता. मावशी दारातून म्हणाल्या, "उचलून घ्या की हो तिला!" त्याचे हात नळीवरच होते.

मग तिला ऐकू आलं, तो पुटपुटत होता. "एक... दोन... तीन..." दहापर्यंत गेला आणि थांबला. मग ओढताना पुन्हा एकपासून.

"तुम्हाला कुणी सांगितलं मोजायचं?"

"तूच मोजतेस ना. बाहेर ऐकू येतं," तो म्हणाला. "दहा झाले की थांबतेस."

तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज बदलला. "अगं, काहीतरी आलं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं आहे. चांगलं की वाईट?"

"चांगलं! ओढा, ओढा ते सगळं. डब्यातल्या वाटीत टाका. परत सोडा."

आणि मग सुटलं. सिरिंज काढल्याबरोबर आधी त्याच्या मनगटावर, चादरीवर, आणि त्याने धांदलीत बॅगेची नळी जोडल्यावर बॅगेत. धार पडत असल्याचा आवाज येत होता. तिच्या जिवात जीव आला. आयुष्यात कुठलंही गाणं तिने इतकं कान देऊन ऐकलं नसेल.

पडदा सर्रकन बाजूला झाला. "हे काय चाललंय? कुणी सांगितलं तुम्हाला..." सिस्टर वाकून बॅगेकडे बघू लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या, कारण ती अजून भरतच होती. "नऊशे मिली," त्या हळूच म्हणाल्या. सरळ होऊन त्यांनी सलाइनचं चाक बंद केलं. तक्त्यात काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळाने करायचं हे?"

विचारलं ते तिला नाही. नवऱ्याकडे बघून विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ," ती खाटेवरून म्हणाली. "आज मात्र दर दोन तासांनी करावं लागेल."

"दर दोन तासांनी," नवऱ्याने सांगितलं. तेव्हा कुठे सिस्टरनी ते लिहून घेतलं.

"आटपा हो," मावशी आत आल्या. "पाचाची पंधरा मिनिटं झाली. ओरडून ओरडून झोपली पोर. बाळांच्या खोलीत वाट बघतायत." त्यांनी गाठोडं उचललं. "आता चार वाजता आणीन, पाजायला."

"मावशी, एक मिनिट..." ती म्हणाली. पण मावशींनी गाठोडं छातीशी घेतलं होतं आणि त्या दाराशी पोचल्यासुद्धा होत्या. दार लागलं.

नवऱ्याने सिरिंज धुतली, पुसली, डब्यात ठेवली. झाकण लावताना तो म्हणाला, "एवढंच होतं होय हे?"

रागवावं की काय करावं ते तिला समजेना. सहा वर्षं कडी लावून, मोरीपाशी बसून, पाणी सोडून आवाज झाकून जे तिने लपवलं, ते याने एका दमात 'एवढंच' करून टाकलं. तिला रडू कोसळलं. उताणी असल्यामुळे पाणी डोळ्यांतून थेट कानांत जात होतं. एका हाताला सुई, एका हाताला पट्टा. ते पुसायलाही तिला हात नव्हता. त्याने सदऱ्याच्या बाहीने तिचे कान पुसले. बाही ओली होती, कशाने ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्याने खिशातून चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. या वेळी तिने घाई केली नाही. त्याने तो तिच्या नाकावर बसवला.

सगळं एकदम जागच्या जागी आलं. भरलेली बॅग. थांबलेलं सलाइन. नवऱ्याची ओली बाही. रिकामा पाळणा, त्यात अंगाखालच्या कापडाला पडलेला एक छोटासा खळगा.

"कशी आहे हो ती?" तिने विचारलं. "कुणासारखी आहे?"

त्याने डबा पुन्हा काखेत घेतला.

"मी बघितलीच नाही गं," तो म्हणाला. "मावशींनी दारात हातात दिली, तेव्हा तोंडावर दुपट्याचं टोक होतं. म्हटलं, बाजूला करायला नको. तुझ्याजवळ नेऊ आणि दोघं मिळूनच बघू."

तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. घड्याळाचे काटे आता स्वच्छ दिसत होते. अडीच वाजले होते. चाराला अजून दीड तास होता.